इफुगाओंचे गळ्यातले पितळी दागिने: लिङ्लिङ्-ओबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिङ्लिङ्-ओ म्हणजे नेमकं काय?

फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तरेला कोर्डिलेरा नावाची डोंगररांग आहे. तिथल्या इफुगाओ प्रांतात राहणाऱ्या इफुगाओ लोकांचा हा दागिना. जाडजूड कडं, मधे छोटं भोक, आणि भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक अरुंद फट. ग्रीक ओमेगा अक्षर आठवतं, किंवा टोकं जवळजवळ चिकटलेली घोड्याची नाल. काहींची बाहेरची कड साधी गोल असते, तर काहींना बाजूला टोकं किंवा कंगोरे असतात.

पितळी नग बहुधा भरीव, ओतीव असतो. साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि सहा-सात मिलिमीटर जाड नगाचं वजन तीस ग्रॅमच्या आसपास भरतं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटतो तो यामुळेच.

उच्चार कसा करायचा? आपल्या ‘लिंग’ शब्दाशी त्याचा काही संबंध?

‘वाङ्मय’ म्हणताना जो ङ् येतो तोच इथे दोनदा येतो. त्यामागे ‘ग’ लागत नाही. लिङ्, लिङ् आणि मग किंचित थांबून ओ. ‘लिंगलिंगो’ असं लिहिलेलं दिसलं की आपल्याकडे लगेच शिवलिंगापर्यंत मजल जाते. तसा संबंध जोडू नये. शब्द दक्षिण इफुगाओ बोलीतला आहे. मानववंशशास्त्रज्ञ एच. ओटली बेयर यांनी तो उचलला आणि पुढे पुरातत्त्वाच्या परिभाषेत आग्नेय आशियातल्या अशा सगळ्याच दागिन्यांना तेच नाव पडलं. आकाराचा जो अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो तो स्त्रीच्या योनीचा, म्हणजे सुफलतेचा.

गळ्यात एकावर एक पितळी कडी घालून मान लांब करणारे लोक ते हेच का?

नाही. तो प्रकार म्यानमार आणि थायलंडमधल्या कायान स्त्रियांचा. तिथे गळ्याभोवती पितळेच्या जाड तारेचं सलग वेटोळं असतं. इफुगाओंचा पितळी दागिना गळ्याभोवती आवळलेला नसतो, दोरीत ओवून छातीवर लोंबतो. देश वेगळे, लोक वेगळे, फक्त धातू एक. इंटरनेटवरच्या चित्रांत ही गल्लत इतक्यांदा दिसते की खरेदीआधी एवढं तरी डोक्यात पक्कं असावं.

हा आकार किती जुना आहे?

पितळेच्या कितीतरी आधीचा. या आकाराचे सर्वांत जुने नग हिरव्या जेड दगडाचे आहेत. फिलिपिन्सच्या पालावान बेटावरच्या ताबोन गुहा, व्हिएतनाममधली सा हुइन्ह संस्कृतीची स्थळं, तैवान, थायलंड अशा ठिकाणी ते सापडले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दगडातल्या खनिजांवरून असं दिसलं की यातलं बरंचसं जेड पूर्व तैवानमधल्या फेंगतियान इथलं होतं. कच्चा दगड समुद्रमार्गे जायचा आणि घडाई ठिकठिकाणी व्हायची. यातले बरेच नग इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन ५०० या काळातले आहेत.

दगड मागे पडला, आकार मात्र टिकला. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरचा ‘मामुली’ हा सोन्याचा दागिना याच घराण्यातला दिसतो. इतक्या प्राचीन आकाराची वस्तू संग्रहालयाच्या काचेत न अडकता आजही गळ्यात घातली जाते, ही आम्हाला या दागिन्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

कोण घालायचं? सोनं कुणाला आणि पितळ कुणाला?

इफुगाओ समाजात पारंपरिक तीन थर. भरपूर भातखाचरं असलेले कादांग्यान, मधले नातुमोक आणि जमीन नसलेले किंवा नगण्य जमीन असलेले नावातवात. सोन्याचा लिङ्लिङ्-ओ कादांग्यान घराण्यांची ओळख. चांदी, तांबं आणि पितळ यांतही तोच आकार ओतला जाई. स्त्री-पुरुष दोघंही तो घालत, गळ्यात किंवा कानात.

वारशाच्या दागिन्याचं स्थान निव्वळ मालमत्तेचं नव्हतं. इफुगाओ प्रथाकायद्यात भातखाचरं, जंगल आणि घराण्याच्या मौल्यवान वस्तू एकाच वर्गात मोडतात. त्या हस्तांतरित करायच्या तर ‘इबुय’ नावाचा विधी करावा लागे, नुसते पैसे मोजून भागत नसे. वारशात थोरल्या अपत्याला मोठा वाटा, मग तो मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे सासूची मोहनमाळ सुनेच्या गळ्यात जाते तेव्हा तिचं मोल सोनाराच्या काट्यावर ठरत नाही, तसंच काहीसं. फरक इतकाच की तिथे याला कायद्याचं बळ होतं.

डोंगरात पितळ आलं कुठून?

तांबं जवळच होतं. आजच्या बेंगेत प्रांतातल्या मांकायान परिसरात स्थानिक लोक स्पॅनिश येण्याआधीपासून तांबं काढून वितळवत होते. पितळेला मात्र जस्तही लागतं, आणि पितळ यायचं ते व्यापारातून: मैदानी भागातून आलेली तार, चिनी झांजा-घंटा, भांडी, पुढे काडतुसांची टरफलं. म्हणूनच जुन्या नगांचं पितळ एकसारखं नसतं. एक पिवळाधमक, दुसरा लालसर, तिसऱ्यात शिसं जास्त. हा दोष नव्हे. मोड वितळवून ओतलेल्या मालाची ती खूण आहे.

माळेत लाल मणी दिसतात. ते भारतातले असतात म्हणे?

काही असू शकतात. लाल अकीकाचे मणी दोन हजार वर्षांपूर्वीपासून भारतातून आग्नेय आशियात जात आले आहेत आणि फिलिपिन्समध्येही सापडतात. गुजरातेत खंभातला हा धंदा आजही चालतो. तिथला अकीक रतनपूरच्या खाणींतला, म्हणजे मुळात दख्खनच्या काळ्या पाषाणात तयार झालेला. सह्याद्रीचा कातळ त्याच लाव्ह्याचा. पण विकायला आलेल्या माळेतला प्रत्येक लाल मणी अकीक नसतो, काच पुष्कळदा असते. भिंगाखाली काचेत गोल बुडबुडे दिसतात, अकीकात दिसत नाहीत. अकीकाचं भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं असतं, त्यामुळे मधे कुठेतरी दोन्ही भोकं किंचित चुकलेली सापडतात.

पितळी लिङ्लिङ्-ओ कसा ओततात?

मेणाचा नग करून त्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मेणसाच्याची ही रीत कोर्डिलेरात जुनी आहे. शेजारच्या बोन्तोक भागात पितळी चिलमी अशाच ओतत, याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आहेत. भाता म्हणजे दोन उभी नळकांडी आणि त्यांत वरखाली होणारे दट्ट्या. आपल्याकडच्या ओतारी मंडळींना आणि बस्तरच्या ढोकरा कारागिरांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

कार्यशाळेत करून पाहायचं असेल तर आमचं प्रमाण असं:

मेण: मधमाशांचं मेण ४ भाग, राळ १ भाग. मुंबई-कोकणच्या एप्रिल-मेमध्ये राळ थोडी वाढवा, नाहीतर नग हातातच वाकतो. पितळ थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणून ३५ मिलिमीटरचा नग हवा असेल तर मेणाचा साडेपस्तीसहून थोडा मोठा घ्या.

पितळ किती लागेल: मेणाचा नग तोला आणि नऊने गुणा. साडेतीन ग्रॅम मेणाला साधारण बत्तीस ग्रॅम पितळ. रस आत जायची वाट आणि वरची वाटी यांसाठी आणखी तिसरा हिस्सा धरा. मात्र चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, भट्टीबाहेर काढली की आतला रस बघता बघता थिजतो. तीन नग एकाच मेणाच्या काडीला जोडून दीडशे ग्रॅमची मूस धरणं सोपं जातं.

माती: पहिले दोन-तीन हात वस्त्रगाळ माती आणि कोळशाची पूड पाण्यात ताकाइतकी पातळ कालवून, कुंचल्याने. प्रत्येक हात सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर माती आणि भाताचं तूस यांचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड थर. उन्हात वाळवण्याची घाई केली की आतलं मेण फुगतं आणि पहिलाच थर तडकतो.

भट्टी: साचा तोंड खाली करून मंद आचेवर मेण गाळून घ्या, मग साचा लालसर होईपर्यंत भाजा आणि गरम असतानाच ओता. पितळ हजार अंशांच्या थोडं वर. वर चिमूटभर टाकणखार आणि कोळशाचे तुकडे, म्हणजे हवा कमी लागते. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे मूस जितका वेळ भट्टीत राहील तितकं जस्त उडतं आणि पितळ लाल होत जातं. पांढरा धूर दिसला की तो जस्ताचा. छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, योग्य मास्क लावून. साच्यात ओल राहिली असेल तर रस ओतताच वाफ होऊन साचा फुटतो आणि वितळलेलं पितळ अंगावर उडतं. शंका असेल तर साचा परत भट्टीत घाला.

ओतकामात सर्वांत जास्त काय बिघडतं?

फट. दोन-तीन मिलिमीटरच्या त्या फटीत माती नीट शिरत नाही, हवेचा बुडबुडा अडकतो, आणि ओतल्यावर तिथे धातूचा पूल तयार होतो. कडं बंद, दागिना गेला. उपाय एकच. पहिला हात देताना बारीक कुंचल्याने पातळ माती फटीत भरायची, फुंकर मारून बुडबुडा फोडायचा आणि वाळल्यावर पुन्हा भरायची. काही जण फट न ठेवताच ओततात आणि नंतर करवतीने कापतात. काम सोपं होतं, पण फटीच्या कडा सरळसोट, धारदार येतात. दागिना ओळखणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

दुसरा बिघाड म्हणजे फटीच्या बरोबर समोरच्या बाजूला तडा. धातू आकसताना मधल्या मातीच्या गाभ्याला आवळतो. गाभा दगडासारखा कठीण असेल तर धातूच फाटतो. गाभ्याच्या मातीत तूस थोडं जास्त घाला. ते जळून माती भुसभुशीत होते आणि दबून जाते.

पृष्ठभागावर बारीक खड्डे आले तर मूस जास्त तापली किंवा साच्यात मेणाची काजळी राहिली. टोकं अर्धवट आली तर साचा थंड होता.

जुना आणि नवा कसा ओळखायचा?

रंगावर अजिबात जाऊ नका. काळा-हिरवा थर एका रात्रीत रसायनाने चढवता येतो. झीज बघा. खरोखर वापरलेल्या नगात दोरी जिथे घासते तिथेच, एका दिशेने, गुळगुळीत खोबणी पडलेली असते. फटीच्या आतल्या कडा बोटाला मऊ लागतात. नव्याला ‘जुना’ केलेला असेल तर सगळीकडे सारखंच घासलेलं असतं, आणि भोकाच्या आत, जिथे कुणाचं बोट पोचत नाही, तिथे कानशीच्या ताज्या रेघा दिसतात.

ओल्या कापसाने कोपऱ्यात पुसा. हिरवी पूड सहज निघून आली तर थर नवा. लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे. पितळ चिकटत नाही.

क्ष-किरणांनी जस्ताचं प्रमाण मोजून वय काढता येतं का, असंही विचारतात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे तांब्यावर जस्ताच्या खनिजाची वाफ मुरवून केलेल्या पितळात जस्त साधारण २८-३० टक्क्यांपुढे जात नसे. पण चीनमध्ये शुद्ध जस्त काही शतकं आधीपासून तयार होत होतं, आणि इफुगाओंकडे पितळ मिसळूनच यायचं. म्हणून या आकड्यावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही.

विकत घ्यायचा तर कुठला घ्यावा?

नवा. आमचं मत यात स्पष्ट आहे. बागियो आणि बानावे इथे नवे पितळी नग मिळतात. तिथे तो बाहेरच्यांसाठीही विकला जातो, तो घातल्याने कुणाचा अपमान होत नाही. ‘अस्सल जुना, घराण्यातला’ म्हणून विकायला आलेला नग एकतर बनावट असतो, नाहीतर अडचणीत सापडलेल्या कुणाच्या घरातून निघालेला. दोन्ही प्रकारांत त्याला हात न लावलेला बरा. नव्यासाठी विक्रेत्याला विचारा: ओतीव की पत्र्याचा, कुठे ओतला, फट ओतीव की कापलेली. ज्याने माल ओतणाऱ्याकडून घेतला आहे तो पटकन उत्तर देतो.

जुना नग भारतात आणता येईल का?

फिलिपिन्सच्या २००९च्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार सांस्कृतिक ठेवा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत आणि त्यासाठी परवानगी लागते. शंभर वर्षांच्या आसपासची, आता तयार होत नसलेली वस्तू त्या कायद्याच्या व्याख्येत पुराण वस्तू ठरते. विनापरवाना नेणं गुन्हा आहे. नवा नग आणताना दुकानाची पावती सोबत ठेवा, त्यावर ‘नवीन पितळी प्रतिकृती’ असं लिहून घ्या. विमानतळावर काळपट दागिना पाहून प्रश्न आला तर तीच कामाला येते.

चिंच लावून घासला तर चालेल का?

जुना असेल तर मुळीच नाही. देवघरातल्या समईला जे चालतं ते इथे चालत नाही. चिंच, लिंबू, पितळ उजळायची आम्लयुक्त पावडर या सगळ्यांतलं आम्ल वरचा थर खातं, आणि त्याखाली पितळातलं जस्त आधी निघून जातं. मग तांबूस डाग उरतात, ते पुन्हा पिवळे होत नाहीत. नक्षीची धार जाते ती वेगळीच.

जुन्याला एवढंच करा: मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. तेलकटपणा असेल तर कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त धातूवर फिरवा, दोरी आणि मण्यांना लागू देऊ नका. फिकट हिरवी, पिठूळ ठिपक्यांसारखी पूड परत परत येत असेल तर क्षार मुरले आहेत. तो नग वेगळा कोरड्या डबीत ठेवा आणि धातू-संवर्धकाला दाखवा.

नवा नग सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन लगेच पुसा. चमक हवीच असेल तर लिंबाची फोड काही सेकंद, मग भरपूर पाणी. ओलसर राहिला तर दोन दिवसांत कळकतो.

अमोनिया असलेलं पॉलिश कुठल्याच नगाला नको, विशेषतः ठोकून किंवा वाकवून केलेल्याला. ब्रिटिश अमलात भारतात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कारण पागेतला अमोनिया, दमट हवा आणि ठोकलेल्या पितळात अडकलेला ताण. याच कारणासाठी फट रुंद करायला पक्कड लावू नका.

पावसाळ्यात कसा जपायचा?

वर्तमानपत्रात, लोकरीत किंवा रबरबँड लावून ठेवू नका. तिघांतूनही गंधकाची संयुगं सुटतात आणि पितळ काळवंडतं. नव्या प्लायवुडच्या कपाटातली आम्लाची वाफही त्रास देते. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जून ते सप्टेंबर दर तीन आठवड्यांनी पुड्या बदला.

घातल्यावर गळ्यावर हिरवा डाग पडतो. पितळ खोटं आहे का?

उलट, खरं आहे म्हणून पडतो. घामातल्या मिठाने तांब्याचे क्षार तयार होतात, ते साबणाने जातात. खाज किंवा पुरळ आलं तर मात्र वर निकेलचा मुलामा असण्याची शक्यता आहे. आतल्या बाजूला अर्धपारदर्शक मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला तर डाग कमी पडतो.

दोरी कोणती आणि कशी ओवायची?

मेण लावलेली सुती किंवा तागाची, दोन मिलिमीटर जाड. नायलॉन नको, तो झिजत नाही आणि पितळेलाच खातो. नगाला वर कडी असेल तर फट खाली येते. कडी नसेल तर दोरी मधल्या भोकातून दुहेरी घालून तिच्याच फाशात ओढून घ्या. त्यामुळे दोरी फटीपर्यंत सरकून सुटत नाही. अनेक नगांची माळ असेल तर दर दोन नगांत एक गाठ मारा. एक दोरा तुटला तर सगळे नग फरशीवर पडत नाहीत, आणि पितळ पितळावर घासून कडाही झिजत नाहीत. दोरी वर्षातून एकदा बदला. जुन्या माळेची मूळ दोरी असेल तर ती टाकू नका. नग नव्या दोरीत ओवा आणि मूळ दोरी गाठींसकट कागदी पाकिटात, माळेच्याच डब्यात ठेवा.